स्त्रियांचे कथात्म साहित्य आणि पुरस्कारांची नोंदवही

१

साहित्य अकादमीने १९५५ सालापासून मराठी ग्रंथांना दिलेल्या पुरस्कारांची यादी पाहिली, तर २०२४ अखेरपर्यंत तीत सात स्त्रियांची नावे आढळतात. इरावती कर्वे (‘युगान्त’, १९६८), दुर्गा भागवत (‘पैस’, १९७१), गोदावरी परुळेकर (‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७२), इंदिरा संत (‘गर्भरेशीम’, १९८४), विजया राजाध्यक्ष (‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’, १९९३), आशा बगे (‘भूमी’, २००६) आणि अनुराधा पाटील (‘कदाचित अजूनही’, २०१९) ही ती नावे होत. या ग्रंथांच्या योग्यतेविषयी वाद संभवत नाही. सत्तर वर्षांत सातच स्त्रिया, ही तक्रारही नवी नाही. परंतु या यादीत संख्येइतकीच बोलकी असलेली दुसरी एक बाब आहे, ती वाङ्मयप्रकाराची. सातांपैकी दोन ग्रंथ वैचारिक-ललित निबंधांचे आहेत, एक चळवळीच्या अनुभवकथनाचा, एक समीक्षेचा आणि दोन कवितासंग्रह आहेत. कथात्म साहित्याची कृती एकच, आणि ती यादीत यायला पुरस्कार सुरू झाल्यापासून एक्कावन्न वर्षे जावी लागली.

मराठीत कथा-कादंबरीकडेच परीक्षकांचे दुर्लक्ष झाले, असे म्हणण्यास जागा नाही. ‘भूमी’पूर्वीच्या काळात ‘ययाति’ (१९६०), ‘रथचक्र’ (१९६३), ‘स्वामी’ (१९६४), ‘काजळमाया’ (१९७३), ‘सत्तांतर’ (१९८३), ‘झोंबी’ (१९९०), ‘झाडाझडती’ (१९९२), ‘राघववेळ’ (१९९५), ‘ताम्रपट’ (१९९९), ‘तणकट’ (२००१), ‘डांगोरा एका नगरीचा’ (२००३) आणि ‘बारोमास’ (२००४) असे अनेक कथात्म ग्रंथ गौरविले गेले. ‘भूमी’नंतरही ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१२), ‘आलोक’ (२०१६), ‘उद्या’ (२०२०), ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (२०२२), ‘रिंगाण’ (२०२३) अशी परंपरा चालू राहिली. या सर्व कृती पुरुषांच्या आहेत. स्त्रीला गौरवायचे तर ती कवयित्री, चिंतक, समीक्षक किंवा अनुभवाची साक्षीदार म्हणून, आणि कथा रचणारी म्हणून मात्र अपवादाने, असे या नोंदवहीचे स्वरूप झाले आहे. कोणी हेतुपुरस्सर तसे केले असे सुचवायचे नाही. दरवर्षी परीक्षक बदलतात, तिघांचे मत जुळावे लागते, विशिष्ट कालखंडात प्रसिद्ध झालेली पुस्तकेच विचारात घेतली जातात. ‘काजळमाया’च्या प्रकाशनवर्षावरून वाद झाला आणि जी. ए. कुलकर्णी यांनी पुरस्कार परत केला, हे सर्वज्ञात आहे. तथापि इतक्या भिन्न परीक्षकांचे निर्णय सात दशके एकाच बाजूला झुकतात, तेव्हा व्यक्तींच्या आवडीनिवडीपलीकडचे काही कारण शोधणे अभ्यासकाला भाग पडते.

तुलनेसाठी हिंदीचे उदाहरण घेता येईल. अकादमी तीच, नियम तेच, कालखंडही तोच. योगायोग असा की २०२४ पर्यंत हिंदीतही सातच स्त्रियांना हा पुरस्कार मिळाला आहे. कृष्णा सोबती (‘जिंदगीनामा’, १९८०), अलका सरावगी (‘कलिकथा : वाया बाइपास’, २००१), मृदुला गर्ग (‘मिलजुल मन’, २०१३), नासिरा शर्मा (‘पारिजात’, २०१६) आणि चित्रा मुद्गल (‘पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा’, २०१८) या पाचजणी कादंबरीसाठी, तर अनामिका (२०२०) आणि गगन गिल (२०२४) या कवितेसाठी सन्मानित झाल्या. म्हणजे हिंदीत सातांत पाच, मराठीत सातांत एक. ज्ञानपीठाचा इतिहासही हेच दाखवितो. २०२४ पर्यंत आठ स्त्रियांना ज्ञानपीठ मिळाले. त्यांतील अमृता प्रीतम आणि महादेवी वर्मा या प्राधान्याने कवयित्री. आशापूर्णा देवी (१९७६), कुर्रतुलऐन हैदर (१९८९), महाश्वेता देवी (१९९६), इंदिरा गोस्वामी (२०००), प्रतिभा राय (२०११) आणि कृष्णा सोबती (२०१७) या सहाजणी कथा-कादंबरीकार आहेत. भारतीय पातळीवर स्त्रीला सर्वोच्च मान्यता मिळाली ती मुख्यतः कथात्म साहित्यामुळे, असे यावरून दिसते. मराठीला मिळालेली चार ज्ञानपीठे वि. स. खांडेकर (१९७४), वि. वा. शिरवाडकर (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४) यांची आहेत. त्यांत स्त्री नाही.

स्त्रियांनी लिहिलेल्या कथात्म साहित्यासाठी मराठीत स्वतंत्र, प्रतिष्ठेचा पुरस्कार असावा काय, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर विचारात घेण्याजोगा ठरतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख मात्र पुरस्काराच्या मागणीपेक्षा तिच्या मुळाशी असलेल्या वाचनव्यवहाराकडे आहे.

२

असे स्वतंत्र पुरस्कार अन्यत्र कसे निर्माण झाले, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. फ्रान्समध्ये १९०३ साली गाँकूर पुरस्कार सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी मिरियाम हारी या लेखिकेची कादंबरी गाँकूरच्या परीक्षकांनी डावलल्याची भावना पसरली आणि ‘व्ही अरूझ’ या नियतकालिकाशी संबंधित बावीस लेखिकांनी एकत्र येऊन पर्यायी पुरस्कार स्थापन केला. पुढे ‘फेमिना’ या नावाने प्रसिद्धी पावलेला हा पुरस्कार लेखक-लेखिका कोणालाही मिळू शकतो. त्याचे परीक्षकमंडळ तेवढे पूर्णतः स्त्रियांचे असते. गाँकूर मिळविणारी पहिली स्त्री, एल्सा त्रिओले, हिला १९४४ च्या पुरस्कारापर्यंत वाट पाहावी लागली.

इंग्लंडमधील घटनाक्रम अधिक परिचित आहे. १९९१ साली बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीतील सहाही नावे पुरुषांची होती. त्या अस्वस्थतेतून प्रकाशन, ग्रंथविक्री, ग्रंथालये आणि पत्रकारिता या क्षेत्रांतील मंडळी एकत्र आली आणि १९९६ साली ‘ऑरेंज’ पुरस्कार दिला जाऊ लागला. इंग्रजीत कादंबरी लिहिणारी कोणत्याही देशाची स्त्री त्याला पात्र असते आणि परीक्षकही स्त्रियाच असतात. पहिला मान हेलन डनमोर यांच्या ‘अ स्पेल ऑफ विंटर’ या कादंबरीला मिळाला. पुरस्कर्ते बदलत गेले, तशी नावेही बदलली. आज तो ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ म्हणून ओळखला जातो. बुकर मिळविलेल्या ए. एस. बायट यांनी मात्र अशी लिंगाधारित विभागणीच अमान्य केली आणि आपली पुस्तके या पुरस्कारासाठी पाठविण्यास प्रकाशकांना मनाई केली. त्यांच्या आक्षेपाकडे पुढे वळावयाचे आहे.

म्हणजे दोन भिन्न उपाय पुढे आलेले दिसतात. फेमिनाने निवाडा करणारी दृष्टी बदलली, ऑरेंजने स्पर्धकांचे क्षेत्रही मर्यादित केले. आपल्याकडे इंग्रजीतील कथात्म लेखनासाठी ‘सुशीला देवी’ पुरस्कार स्त्रीच्या पुस्तकाला दिला जातो. नमिता गोखले यांच्या ‘थिंग्ज टु लीव्ह बिहाइंड’ या कादंबरीला तो मिळालेला आहे. मराठीत कोणता उपाय योग्य, हे ठरविण्यापूर्वी मराठीचे दुखणे नेमके कोठे आहे ते पाहिले पाहिजे. ते लंडन-पॅरिसच्या दुखण्याहून वेगळे आहे. तेथे स्त्री-कादंबरीकार यादीतून गळत होत्या. येथे स्त्री यादीत येते आणि तिची कादंबरी तेवढी मागे राहते.

३

मराठीत स्त्रीने कथा रचण्याचा इतिहास तोकडा नाही. साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कादंबरी १८७३ सालची. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ विसाव्या शतकाच्या आरंभीची. पण स्त्रीच्या कथनाविषयीचा खरा पेच उघड झाला तो विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहाने. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांच्या भावजीवनावरील या कथांनी खळबळ उडविली हे वाङ्मयेतिहासात नोंदले गेले आहे. त्या खळबळीची दिशा मात्र पुन्हा तपासण्यासारखी आहे. वाचकांच्या कुतूहलाचा मोठा भाग कथा कशी आहे यापेक्षा ही बाई कोण आहे यावर खर्च झाला. टोपणनावाआड दडलेली व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, येथपासून तिने लिहिले ते तिच्याच आयुष्यातले काय, येथपर्यंत चर्चा चालली. कथेतील पात्राचा अनुभव आणि लेखिकेचा अनुभव यांत अंतर असू शकते, ही कल्पित साहित्याची प्राथमिक अट स्त्रीच्या बाबतीत मान्य करण्यास वाचक सिद्ध नव्हता.

मालतीबाई बेडेकरांनी या अपेक्षेला आपल्या लेखनातूनच उत्तर दिले. ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील मांगगारुड्यांच्या जीवनावर आहे. सोलापूरच्या अशा वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले होते. त्या कामाने त्यांना सामग्री दिली. काटेरी कुंपणाच्या आत माणसाचे काय होते हे दाखविणारी रचना मात्र कादंबरीकाराची आहे. स्त्रीचे अनुभवविश्व घरापुरते, हा समज खोडून काढावयाचा तर मराठीत यापेक्षा ठळक पुरावा नाही. दुर्दैव असे की अकादमीचे पुरस्कार सुरू होण्यापूर्वी पाच वर्षे ती प्रसिद्ध झाली. ती पाच वर्षे उशिरा आली असती, तर पुढची यादी वेगळी दिसली असती काय, हा तर्क मोहक असला तरी त्यात फारसे शिरण्यात अर्थ नाही.

स्त्रीने सांगितलेले खरे असावे, ही अपेक्षा मराठी वाङ्मयात एका अर्थाने वैभवशाली परंपरेतूनच आली आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथांनी स्त्रियांच्या आत्मकथनाला मराठीत जे स्थान मिळवून दिले, ते इतर भारतीय भाषांना हेवा वाटावा असे आहे. बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनांनी ते स्थान आणखी रुंद केले. पण साक्षीचे मोल वाढले की रचनेचे मोल नकळत उणावते. स्त्रीने आत्मकथन लिहिले तर त्यातील प्रामाणिकपणाचा गौरव होतो. तिने कादंबरी लिहिली तर तिच्यात दडलेले आत्मकथन शोधले जाते, आणि ते सापडले की कादंबरी म्हणून तिचे मूल्य कमी ठरते. गौरी देशपांडे यांच्या नायिका आणि लेखिका यांची सरमिसळ करणारे वाचन याच जातीचे आहे. पुरुषाच्या बाबतीत हा न्याय लागत नाही. आनंद यादव यांची ‘झोंबी’ तर उघडपणे आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, आणि १९९० साली अकादमीने तिचा सन्मान केला तेव्हा तिची ही दुहेरी ओळख आड आली नाही. ती येऊ नये, हेच योग्य. तेवढाच मोकळेपणा दुसऱ्या बाजूलाही मिळावयास हवा.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांना दिलेली नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कादंबरीचा पुरस्कार हरी नारायण आपटे यांच्या नावाचा, कथेचा दिवाकर कृष्णांच्या नावाचा. प्रथम प्रकाशनासाठी कादंबरीला श्री. ना. पेंडसे, लघुकथेला ग. ल. ठोकळ. स्त्रियांची नावे आहेत ती आत्मचरित्राला (लक्ष्मीबाई टिळक), कवितेच्या प्रथम प्रकाशनाला (बहिणाबाई चौधरी) आणि ललितगद्याच्या प्रथम प्रकाशनाला (ताराबाई शिंदे). अकादमीच्या यादीतून जी विभागणी निघते, तीच येथे नामकरणातून निघते, आणि हे नामकरण करणाऱ्यांनी ती यादी समोर ठेवली असण्याचा संभव नाही. विभावरी शिरूरकर हे नाव कादंबरीच्या पुरस्काराला सुचू नये, यात कोणाचा द्वेष नाही. मराठी वाङ्मयाविषयीच्या सामूहिक स्मृतीत स्त्री कोणत्या कप्प्यात ठेवलेली आहे, एवढेच यातून कळते. हे पुरस्कार प्रत्यक्षात लेखिकांच्या कथात्म ग्रंथांनाही मिळाले आहेत, हे सांगितले पाहिजे. शांता गोखले यांच्या ‘रिटा वेलिणकर’ आणि ‘त्या वर्षी’ या दोन्ही कादंबऱ्यांची शासनाने दखल घेतली. म्हणजे पारडे सर्वत्र सारखेच झुकलेले नाही.

४

वाचनदृष्टीइतकेच दुसरे कारण रूपाचे आहे, आणि त्याची चर्चा अधिक तपशिलाने व्हावयास हवी.

अकादमीने गौरविलेल्या मराठी कादंबऱ्यांचा साचा पाहिला, तर त्यांतील बहुतेकींचा पट सामाजिक आणि विस्तृत आहे. धरणग्रस्तांचे विस्थापन, शिक्षणसंस्था आणि सहकाराचे राजकारण, कोरडवाहू शेती, संस्थानी नगरीचे जीवन असे विषय तेथे येतात. पृष्ठसंख्या मोठी, काळ दीर्घ, पात्रे अनेक. ‘मोठी कादंबरी’ म्हणजे मोठा पट, हे समीकरण मराठी समीक्षेत पक्के बसलेले आहे. आता साठोत्तरी काळातील महत्त्वाच्या लेखिकांनी कोणती रूपे निवडली ते पाहावे. कमल देसाई यांचे ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ हे पुस्तक म्हणजे एका बांधणीत दोन लघुकादंबऱ्या. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) मध्ये तीन दीर्घकथा. त्यांच्या ‘तेरुओ आणि कांही दूरपर्यंत’ (१९८५) आणि ‘निरगाठी आणि चंद्रिके ग, सारिके ग’ (१९८७) या पुस्तकांच्या शीर्षकांतूनच दोन-दोन कृतींची जोडणी दिसते. सानिया आणि मेघना पेठे यांनीही दीर्घ कथेच्या आवाक्यातच आपले पुष्कळसे महत्त्वाचे काम केले. पेठे यांची ‘नातिचरामि’ (२००५) ही कादंबरी नंतरची. आधी ‘हंस अकेला’ (१९९७) आणि ‘आंधळ्याच्या गायी’ (२०००) हे कथासंग्रह.

हे रूप अपघाताने आलेले नाही. दीर्घकथेत काळाचा पट आखडता असतो आणि जाणिवेचा पट ताणलेला असतो. एका व्यक्तीच्या निर्णयाभोवती, नात्याच्या एका वळणाभोवती कथन फिरते. त्यामुळे निवेदकाचा स्वर, वाक्याची चाल, मनातल्या मनात चाललेला युक्तिवाद यांना महत्त्व येते. गौरी देशपांडे यांच्या गद्यातील बोलता बोलता स्वतःलाच छेद देणारा उपरोध, किंवा कमल देसाई यांच्या लेखनात वास्तवाचा तळ सुटून प्रतीकाकडे जाणारी हालचाल, ही पाचशे पृष्ठांच्या सामाजिक कादंबरीत टिकणारी तंत्रे नव्हेत. लघुकादंबरीला स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावे की नाही, हा वाद मराठी समीक्षेला परिचित आहे. पुरस्कारांच्या व्यवहारात मात्र तो वाद न होताच निकाली निघतो. कादंबरी म्हणून ती तोकडी ठरते, कथासंग्रह म्हणून ती अपुरी ठरते. ‘काजळमाया’, ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ आणि ‘आलोक’ हे कथात्म संग्रह अकादमीच्या यादीत आले, म्हणजे आखूड रूपाला मज्जाव नाही. पण तेथेही लेखिकेची पाटी कोरीच राहिली. विजया राजाध्यक्ष यांनी अनेक कथासंग्रह लिहिले आणि त्यांचा अकादमी पुरस्कार मर्ढेकरांवरील समीक्षाग्रंथाला मिळाला. तो ग्रंथ त्या सन्मानास सर्वथा पात्र होता. कथाकार राजाध्यक्ष मात्र त्या ग्रंथाच्या सावलीत गेल्या.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा विचार केला, तरी असेच काहीसे दिसते. कुसुमावती देशपांडे (१९६१), दुर्गा भागवत (१९७५), शांता शेळके (१९९६), विजया राजाध्यक्ष (२००१), अरुणा ढेरे (२०१९) आणि तारा भवाळकर (२०२५) या सहाजणींपैकी प्राधान्याने कादंबरीकार म्हणून ओळखली जाणारी एकही नाही. मालतीबाई बेडेकर अध्यक्ष झाल्या त्या मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाच्या.

‘भूमी’चा अपवाद या संदर्भात काय सांगतो? आशा बगे यांचे कथाविश्व प्रायः नागपूरकडच्या घरांचे, संगीताच्या संस्कारांचे, नात्यांच्या सूक्ष्म ताणांचे आहे. ‘मारवा’सारख्या संग्रहांतून ते दीर्घकाळ वाचकांसमोर होते. ‘भूमी’त हे विश्व मराठी आणि तमिळ अशा दोन संस्कृतींमध्ये पसरले, कथनाला भौगोलिक आणि सांस्कृतिक विस्तार मिळाला, आणि तो विस्तार कादंबरीच्या प्रचलित मोजमापात बसणारा होता. बगे यांच्या गुणवत्तेचा शोध परीक्षकांना २००६ साली लागला असे म्हणण्यापेक्षा, त्या वर्षी त्यांची गुणवत्ता परीक्षकांच्या ओळखीच्या रूपात समोर आली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. २०२३ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना मिळाला, तो समग्र लेखनासाठी. १९९१ पासून दर दोन वर्षांनी दिल्या जाणाऱ्या त्या पुरस्कारात याआधी इंदिरा संत (१९९५) आणि विजया राजाध्यक्ष (२०१७) अशा दोनच स्त्रिया होत्या.

५

स्वतंत्र पुरस्काराविरुद्धचा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. बायट यांच्या भूमिकेचा मथितार्थ असा की साहित्याला लिंग नसते, आणि स्त्रियांच्या लेखनाला वेगळ्या मोजपट्टीने मोजणे हा गौरव नसून अवमान आहे. मराठीत ‘लेखिका’ या शब्दाविषयी अनेकींना वाटणारा संकोच याच्याशी जोडलेला आहे. शिवाय मराठीत स्त्री-साहित्य म्हणून वेगळा कप्पा केला की त्यात गंभीर कादंबरी आणि फावल्या वेळेची करमणूक एकत्र कोंबली जाते, हा अनुभव जुना आहे. स्वतंत्र पुरस्काराने हा कप्पा अधिकच पक्का होण्याचा धोका आहेच.

मात्र या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे. विद्यमान मोजपट्टी निर्लिंग आहे, हे ते गृहीतक. मागील विवेचनाने ते डळमळीत होते. विस्तृत सामाजिक पट हीच श्रेष्ठ कादंबरीची खूण, आणि स्त्रीचे कथन हे तिच्या आयुष्याचे प्रतिबिंब, या दोन समजुती ज्या मोजपट्टीत मुरलेल्या आहेत तिला निरपेक्ष म्हणता येत नाही. म्हणून वेगळी मोजपट्टी हवी की नको, यापेक्षा आहे ती मोजपट्टी कोणी, कधी आणि कोणत्या पुस्तकांवरून आखली, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

दुसरी अडचण ‘स्त्री’ या संज्ञेचीच आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. समारंभाचा आरंभ सरस्वतीवंदनेने होणार, या गोष्टीला त्यांचा आक्षेप होता. एकाच धर्मपरंपरेची प्रतीके मराठी साहित्याच्या व्यासपीठावर गृहीत का धरावीत, असा त्यांचा प्रश्न होता. स्त्रीच्या नावाचा पुरस्कार, स्त्रीच्या पुस्तकाला, आणि तरीही ते व्यासपीठ तिला आपले वाटले नाही. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) हे त्यांचे कथासंग्रह ‘आयदान’च्या कितीतरी आधीचे. कथाकार म्हणून त्यांचे स्थान तोवर सिद्ध झाले होते. व्यापक मान्यता मात्र आत्मकथनाने आणली. दलित स्त्रीच्या बाबतीत साक्षीची अपेक्षा दुप्पट होते आणि कल्पिताचा अधिकार त्या प्रमाणात आक्रसतो.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. मुंबईच्या वायव्य टोकाला, मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे हे गाव प्रशासकीयदृष्ट्या मुंबई उपनगरात मोडते. तेथील घरांत बोलली जाणारी मराठी पाठ्यपुस्तकांची मराठी नव्हे. या किनाऱ्यावरच्या बायकांचे कथन गाण्यांत, लग्नाच्या विधींत, मासळीच्या पाटीभोवतीच्या बोलण्यात राहिले आहे. पुरस्काराची प्रवेशिका छापील पुस्तक, प्रकाशनवर्ष आणि प्रती मागते. खाडीअलीकडच्या मालाड-बोरिवलीच्या महाविद्यालयांत मराठी घेऊन शिकणारी या गावातली मुलगी जर कधी कथा लिहावयास बसली, तर पहिला निर्णय तिला बोलीविषयी घ्यावा लागेल, आणि प्रमाण भाषेच्या बाजूने तो घेण्याचे दडपण संपादकापासून परीक्षकापर्यंत सर्वत्र असेल. बोलीतील कादंबरी मराठीला नवी नाही. पुरुषांनी लिहिलेल्या ग्रामीण कादंबरीने बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. स्त्रीच्या बोलीतील कथनाला तशीच प्रतिष्ठा द्यावयाची तर प्रथम प्रकाशनाचा विभाग हे त्याचे स्वाभाविक स्थान ठरेल. याच किनाऱ्याने उत्तरेस गेले की वसई आणि नालासोपारा येतात. नालासोपाऱ्याचे नाव कादंबरीच्या शीर्षकात घेऊन अकादमीपर्यंत गेली ती चित्रा मुद्गल यांची हिंदी कादंबरी. घरापासून तोडल्या गेलेल्या तृतीयपंथी मुलाने आईला लिहिलेल्या पत्रांची ही कथा आहे. विषय घरातला, रूप पत्रांचे, पट मोजक्या पात्रांचा. हिंदीच्या परीक्षकांना त्यात उणेपणा वाटला नाही.

६

तेव्हा मराठीत असा पुरस्कार निघालाच, तर त्याच्या नियमावलीला नावापेक्षा अधिक महत्त्व राहील. दीर्घकथा आणि लघुकादंबरी यांना पूर्ण पात्रता असली पाहिजे. एका बांधणीतील दोन कृतींपैकी एकीचाच विचार करण्याची मुभा असली पाहिजे. प्रथम प्रकाशनाचा विभाग वेगळा असावा आणि त्यात बोलीतील लेखनाला बाधा येऊ नये. परीक्षकमंडळ स्त्रियांचेच असावे काय, याबाबत फेमिनाचे उदाहरण विचारार्ह आहे. पण स्त्री-परीक्षकही प्रचलित समीक्षेच्याच शाळेत शिकलेली असते, हे विसरून चालणार नाही. सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे अंतिम टप्प्यातील पाच-सहा पुस्तकांची यादी आणि परीक्षकांचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध करणे. ऑरेंजच्या वाटचालीत विजेत्या पुस्तकाइतकाच यादीतील इतर पुस्तकांना वाचक मिळाला. आपल्याकडे पुरस्काराची चर्चा एका नावाभोवती फिरते, आणि निवड का झाली हे मानपत्राच्या चार गौरवपर वाक्यांपलीकडे कळत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमात पुरस्कारप्राप्त पुस्तके सहज शिरतात. यादीत राहून गेलेली पुस्तके ग्रंथालयाच्या मागच्या रांगेत जातात आणि काही वर्षांनी त्यांची आवृत्तीही मिळत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांना याचा अनुभव नव्याने सांगावयास नको.

विद्यमान व्यवस्थेत एखाद्या महत्त्वाच्या लेखिकेचे काय होते, याचे उदाहरण कविता महाजन यांचे आहे. ‘ब्र’ (२००५) या कादंबरीत त्यांनी ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांचे आणि स्वयंसेवी संस्थांचे जग उभे केले. ‘भिन्न’ (२००७) मध्ये एचआयव्ही-बाधित स्त्रियांचे. पट विस्तृत होता, विषय सामाजिक होता, शोध प्रत्यक्ष भटकंतीचा होता. मराठी कादंबरीकडून जे जे मागितले जाते ते बहुतेक या दोन पुस्तकांत होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला होता तो २०११ चा, अनुवादासाठीचा : इस्मत चुगताई यांच्या कथांच्या ‘रजई’ या मराठी अनुवादाला.